थंड असताना एका किकमध्ये, गरम झाल्यावर मात्र ढिम्म

सकाळी इंजिन थंड असतं. चोक ओढला, दोन किक मारल्या, गाडी चालू. तासभर दगडधोंड्यांवरून, ओढ्यातून मस्त चालते. पुढचा सेक्शन (अडथळ्यांचा आखलेला टप्पा) पायी बघून यावा म्हणून तुम्ही ती बंद करता, दहा मिनिटांनी परत येता आणि मग किक मारून मारून गुडघा दुखायला लागतो तरी ती ढिम्म हलत नाही. वैतागून सावलीत लावून ठेवली, अर्ध्या तासाने सहज किक मारून पाहिली, तर काही झालंच नाही अशा थाटात सुरू.

ट्रायल्स, म्हणजे दगडधोंड्यांवरून पाय न टेकवता तोल सांभाळत गाडी नेण्याचा खेळ. तो खेळणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं. पंचाईत अशी की मेकॅनिककडे पोचेपर्यंत गाडी थंड झालेली असते. त्याच्यासमोर ती शहाण्यासारखी चालू होते, मीटर लावला तर सगळे आकडे बरोबर येतात, आणि मग अंदाजपंचे भाग बदलायला सुरुवात होते. आधी प्लग, मग एचटी कॉइल (प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारी), मग कार्ब्युरेटरचं किट, शेवटी सगळ्यात महाग असलेला सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा). त्यातला एखादा भाग योगायोगाने बरोबर निघतोही, पण तोवर खिसा रिकामा झालेला असतो.

म्हणून पहिला आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा नियम: बिघाड गरम असताना होतो, तर तपासणीही गरम असतानाच झाली पाहिजे. गाडी अडून बसली की पुढची पाच मिनिटं लाखमोलाची. ती नुसत्या किका मारण्यात घालवू नका. प्लगचा पाना, एक नवा प्लग आणि स्पार्क टेस्टर एवढं कमरेच्या पाऊचमध्ये असलं की त्या पाच मिनिटांत निम्मा शोध संपतो.

हा त्रास ट्रायल्सच्या गाड्यांना जास्त का होतो, ते आधी पाहू. ही गाडी पळण्यासाठी बनवलेलीच नाही. बसायला सीट नाही, वजन साधारण 70 किलोच्या आसपास, टाकी जेमतेम दोन-तीन लिटरची, आणि सगळं काम पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने. रेडिएटरवर वारा असा लागतच नाही, सगळी भिस्त छोट्या पंख्यावर. तो पंखाही बऱ्याच गाड्यांत बॅटरी नसल्यामुळे इंजिन चालू असेपर्यंतच फिरतो. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाण्याचा पंप थांबतो, आणि सिलिंडरमध्ये साठलेली उष्णता वाट मिळेल तिकडे पसरते. एका बाजूला ती इंटेक रबरातून आणि आजूबाजूच्या हवेतून कार्ब्युरेटरपर्यंत जाते, दुसऱ्या बाजूला क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या डब्यातून) मॅग्नेटच्या, म्हणजे वीज बनवणाऱ्या, कॉइलपर्यंत. म्हणजे गाडी बंद केल्यावर पहिली काही मिनिटं हे भाग गार होण्याऐवजी आणखी तापतात. बंद करून थोडा वेळ थांबलं की नेमकी अडते, यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

त्यामुळे पाना हातात घेण्याआधी वेळेचा हिशेब मांडा. बंद केल्या केल्या लगेच किक मारली तर चालू होते, पण पाच-दहा मिनिटं थांबल्यावर होत नाही? मग आधी संशय पेट्रोलवर घ्यायचा. बंद केल्या क्षणापासूनच चालू होत नाही आणि पूर्ण गार झाल्यावरच होते? मग करंट (ठिणगीची वीज) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). किकने होत नाही पण उतारावर ढकलून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की लगेच होते? हा फार बोलका पुरावा आहे. ढकलताना इंजिन किकपेक्षा वेगाने आणि सलग फिरतं. तेवढ्या वेगाला करंट पुरतो, कॉम्प्रेशन पुरतं, पण किकच्या वेगाला पुरत नाही. अशा वेळी कार्ब्युरेटर खोलत बसायचं कारण नाही.

आता प्लग काढा. इंजिन गरम आहे, सायलेन्सरचा बेंड त्याहून गरम, हातमोजे काढू नका. प्लगचं टोक ओलं आहे की कोरडं, एवढंच बघायचं. ओलं आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही: एक तर जास्त झालंय, नाहीतर ठिणगी कमजोर आहे. कोरडा खडखडीत असेल तर पेट्रोल पोचतच नाही. तेलकट, चिकट ओल असेल तर ते वेगळं प्रकरण, त्याच्याकडे पुढे येऊ.

गाडी ओव्हर होणं, म्हणजे आत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल साठणं, हे सगळ्यात सामान्य कारण, आणि ते बहुतेक वेळा बिघाड नसून परिस्थिती असते. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण. त्यातले हलके घटक 35 ते 40 अंशांनाच उकळायला लागतात. बंद गाडीत कार्ब्युरेटर याहून कितीतरी जास्त तापू शकतो. मग फ्लोटच्या वाटीतलं (कार्ब्युरेटरच्या तळाशी साठलेलं) पेट्रोल फसफसतं, जेटमधून वर चढून इंटेकमध्ये ठिबकतं आणि इंजिनमध्ये गरजेपेक्षा दाट मिश्रण साठतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल थोडं जास्तच उडणारं असतं, त्यामुळे भर पडते. टू-स्ट्रोकमध्ये आणखी एक घोळ आहे. इथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जात नाही, आधी क्रँककेसमध्ये उतरतं. तिथे एकदा डबकं साचलं की नुसता प्लग पुसून भागत नाही. प्रत्येक किकबरोबर ते डबकं वर येतं आणि नवा प्लगही भिजतो.

गाडी आडवी पडल्यावरही हेच होतं. ट्रायल्समध्ये गाडी पडणारच. फ्लोट उलटासुलटा झाला की पेट्रोल अडवणारी निडल बसत नाही, आणि उभी करेपर्यंत थोडं पेट्रोल नको तिथे गेलेलं असतं. पडली की आधी उचला, मग दम खा.

ओव्हर झालेली गाडी सोडवायची रीत जुनीच आहे. पेट्रोल कॉक बंद. चोक ओढलेला नाही ना, हे हाताने चाचपून बघा. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि तसाच धरून आठ-दहा सलग, लांब किका मारा. पूर्ण उघड्या ॲक्सिलरेटरमुळे भरपूर हवा आत जाते आणि साचलेलं पेट्रोल बाहेर पडतं. मध्येच खोकली, धूर आला, तर बरोबर चाललंय. चालू झाली की कॉक उघडा. नाहीच झाली तर प्लग काढून, प्लगची केबल इंजिनला अर्थ करून, उघड्या ॲक्सिलरेटरवर किका मारा. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो, तेव्हा चेहरा बाजूला ठेवा आणि ठिणगी त्या भोकाजवळ पडणार नाही याची काळजी घ्या. पेट्रोलची वाफ आणि ठिणगी एकत्र आली की काय होतं ते सांगायला नको.

गरम गाडीला चोक ओढायची सवय असेल तर ती आजच सोडा. मात्र या चोकचा तपासणीसाठी एक उत्तम उपयोग आहे. उघड्या ॲक्सिलरेटरवर चालू झाली तर मिश्रण दाट होतं. आणि गरम असूनही चोक ओढल्यावरच चालू झाली तर मिश्रण पातळ आहे: पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल देणारं बारीक भोक) अर्धवट तुंबलेला असेल, किंवा कुठून तरी गाडी एअर घेत असेल, म्हणजे फटीतून बाहेरची हवा आत ओढत असेल. एका लिव्हरवर एवढी माहिती दुसरीकडे कुठे मिळत नाही.

प्रत्येक वेळी बंद केली की ओव्हर होते, असं असेल तर मात्र फ्लोटची निडल आणि तिची बैठक बघायलाच हवी. निडलच्या टोकावर गोल चरा पडलेला दिसला, तर ती बदला. फ्लोटची उंची पुस्तकात दिलेल्या मापाला जुळवा. आणि तोवर साधी युक्ती: दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबणार असाल तर गाडी बंद करतानाच कॉक बंद करा. कार्ब्युरेटरचा त्रास यानेच बराच टळतो.

प्लग कोरडा असेल तर टाकीचं झाकण उघडून किक मारा. झाकणाची हवेची नळी मातीने बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायला तयार होत नाही. झाकण उघडताना फुस्स असा आवाज आला तर तपास इथेच संपला.

आता करंट. इथे जरा थांबून समजून घेऊ, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

बहुतेक ट्रायल्स गाड्यांत बॅटरी नाही. किक मारली की फ्लायव्हीलचे चुंबक स्टेटरच्या (मॅग्नेटच्या न फिरणाऱ्या भागाच्या) कॉइलभोवती फिरतात, त्यातून निर्माण झालेली वीज सीडीआयच्या कपॅसिटरमध्ये भरते, आणि पिकअप कॉइलने इशारा दिला की ती एकदम एचटी कॉइलमध्ये सोडली जाते. तिथे व्होल्टेज हजारोंच्या घरात चढतं आणि प्लगवर ठिणगी पडते. किकच्या वेगाला मुळात वीज कमी बनते, त्यामुळे इथे सगळं काठावर चालतं. एकदा इंजिन चालू झालं की वेग वाढतो, वीज भरपूर मिळते आणि कमजोर कॉइलही वेळ मारून नेते. म्हणूनच अशी गाडी दिवसभर छान चालते, फक्त चालू होताना रडते.

स्टेटरची कॉइल म्हणजे केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे. तारेवर वार्निशचा पातळ थर असतो, त्याच्यामुळे एक वेढा दुसऱ्याला चिकटूनही वीज इकडची तिकडे जात नाही. वर्षानुवर्षं तापून आणि थंड होऊन हा थर तडकतो. गार असताना तड मिटलेली असते. तापल्यावर तार प्रसरण पावते आणि दोन वेढे एकमेकांना भिडतात, किंवा आधीच तुटत आलेली तार किंचित दूर होते. गार झाली की पुन्हा जागेवर. म्हणजे गारपणी मीटर लावून काही हाती लागणार नाही.

गरम असताना मीटर लावला तरी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतोच, दर अंशाला सुमारे 0.39 टक्के. 20 अंशांना 100 ओहम दाखवणारी निरोगी कॉइल 100 अंशांना सुमारे 131 ओहम दाखवेल. हा बिघाड नव्हे. संशय केव्हा घ्यायचा? आकडा वाढण्याऐवजी घसरला, सतत नाचायला लागला, किंवा मीटरने तार तुटल्याची खूण दाखवली तर. शिवाय साधा मीटर मोजताना कॉइलवर जेमतेम काही व्होल्ट सोडतो, आणि प्रत्यक्षात तिला शंभरावर व्होल्ट पेलायचे असतात. कमी व्होल्टला न सांडणारी वीज जास्त व्होल्टला फटीतून सांडू शकते. त्यामुळे मीटरवर पास झालेली कॉइल निर्दोष असेलच असं नाही. पीक व्होल्टेज मोजणारं साधन असेल तर किक मारताना गार आणि गरम असे दोन आकडे घ्या. त्या दोन आकड्यांची तुलना बाकी कुठल्याही तपासणीपेक्षा जास्त बोलते.

रस्त्यावर एवढं जमत नाही, तिथे ठिणगीच बघायची. पण प्लग काढून हेडला टेकवला, किक मारली, ठिणगी दिसली, म्हणजे करंट ठीक, ही समजूत अर्धवट आहे. उघड्या हवेत प्लगची पाऊण मिलिमीटरची फट मरतुकडी ठिणगीसुद्धा ओलांडते. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेत तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून फट वाढवता येणारा स्पार्क टेस्टर घ्या, पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि भर उन्हातसुद्धा चट्-चट् आवाज ऐकू येतो का ते पाहा. निळसर, जाड, आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळट, बारीक, मध्येच गायब होणारी असेल तर तपास बरोबर दिशेने चाललाय. हे करताना प्लगची केबल कधीही मोकळी सोडून किक मारू नका. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही तर ती कॉइल किंवा सीडीआय फोडून वाट काढते.

ठिणगी कमजोर आहे हे कळल्यावर स्वस्तातून महागाकडे जायचं. नवा प्लग. मग प्लगची कॅप: रोध असलेल्या कॅपमध्ये साधारण 5 किलोओहम असायला हवेत, आणि जुनी कॅप तापल्यावर याच्या कैकपट दाखवते, हे बऱ्याचदा पाहायला मिळतं. कॅप केबलवरून आटे फिरवून काढा, केबलचं टोक हिरवट पडलं असेल तर सेंटिमीटरभर कापून पुन्हा बसवा. मग एचटी कॉइल आणि तिचा अर्थ. कॉइल फ्रेमला जिथे बोल्टने बसते तिथे रंग किंवा गंज असेल तर घासून चकचकीत करा. एचटी कॉइलवर संशय असेल तर ओलं फडकं तिच्यावर दोन मिनिटं ठेवून तिला गार करा. ठिणगी सुधारली तर चोर तोच. उलटंही करता येतं: थंड गाडीत एकेका भागाला हेअर ड्रायरने तापवायचं आणि कुठला भाग तापल्यावर ठिणगी जाते ते बघायचं. ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण यात एका वेळी एकच भाग गरम असतो आणि अंदाजाला जागाच उरत नाही.

जुन्या, प्लॅटिनम पॉइंटच्या (सीडीआयऐवजी उघडझाप करणाऱ्या संपर्काने ठिणगी सोडणाऱ्या) गाड्यांत, म्हणजे 1960 च्या दशकात आलेल्या बुल्टाको शेर्पा टी सारख्यांत, आधी पॉइंटला जोडलेला कंडेन्सर पाहावा. तो तापल्यावर निकामी होतो आणि किक मारताना पॉइंटच्या फटीत ठळक ठिणग्या उडताना डोळ्यांना दिसतात.

एक चकवा राहिलाच. गाडी 'गरम झाल्यावर' चालू होत नाही असं वाटतं, पण खरं तर ती 'बटणाने बंद केल्यावर' चालू होत नसते. किल स्विच मातीने अडकला, किंवा मनगटाला बांधायच्या दोरीचं चुंबकी झाकण नीट बसलं नाही, की करंट अर्थला जात राहतो. एकदा बटण न वापरता, गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडा आणि मग चालू होते का बघा. किंवा ज्या गाडीत किल स्विच करंट अर्थ करूनच इंजिन बंद करतो, तिथे त्याची वायर जोडाजवळ सोडवून किक मारा. लगेच चालू झाली तर गरमीचा काही संबंध नव्हता. फक्त हे लक्षात असू द्या की आता बटण काम करणार नाही, त्यामुळे बंद कशी करायची ते आधीच ठरवा.

पेट्रोल आणि करंट दोन्ही ठीक निघाले तर राहिलं कॉम्प्रेशन आणि एअर घेणं. इंजिन गार आणि गरम असताना किकचा विरोध पायाला जाणवतो. गरम झाल्यावर किक लोण्यासारखी खाली जात असेल तर पिस्टन रिंग आणि सिलिंडर झिजलेत, तापून पातळ झालेल्या तेलाला फट भरून काढता येत नाही. गेज लावायचाच असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून, गार आणि गरम असे दोन्ही आकडे घ्या.

फोर-स्ट्रोकमध्ये टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या भागामधली) बघा. व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये खोल बसत जातो आणि फट कमी होत होत संपते. तापलेला व्हॉल्व्ह लांबतो, फट उरलीच नसेल तर तो पूर्ण बंद होत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. टॅपेट वाजत नाही म्हणून खूश होणाऱ्यांनी हे जरूर तपासावं, आवाज नसणं हेच इथे वाईट लक्षण असू शकतं.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे दोन सील (फिरत्या दांड्याच्या दोन टोकांची हवाबंद रबरी कडी) बघा. मॅग्नेटच्या बाजूचा कडक होऊन फाटला तर तिथून बाहेरची हवा ओढली जाते आणि मिश्रण पातळ होतं. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनचा आवाज लगेच खाली येत नाही, वरच रेंगाळतो, ही त्याची खूण. इंटेकचं रबर तडकलं तरी असंच होतं, म्हणून आधी ते वाकवून बघा. गिअरबॉक्सच्या बाजूचा सील गेला तर गिअरचं तेल आत ओढलं जातं: प्लग तेलकट, धूर दाट पांढरा, आणि गिअरबॉक्समधलं तेल कारण नसताना कमी. मघाशी बाजूला ठेवलेला चिकट प्लग तो हाच. खात्री करायची तर इंटेक आणि एक्झॉस्ट बंद करून आत साधारण 0.4 बार दाब भरतात आणि काही मिनिटं काटा टिकतो का बघतात. याहून जास्त दाब भरू नका, चांगला सीलही बाहेर येईल.

इंजेक्शनच्या गाड्यांचं गणित थोडं वेगळं. 2005 पासून आलेल्या मोंटेसा कोटा 4आरटीमध्ये इंजेक्शन आहे पण बॅटरी नाही. एका किकमध्ये पंप, इंजेक्टर, संगणक आणि ठिणगी या सगळ्यांपुरती वीज तयार व्हावी लागते. अर्धवट, घाईची किक तिथे चालत नाही. पिस्टन वर येऊन किकला विरोध लागतो तिथपर्यंत पायाने हळू न्यायचं, लिव्हर वर घ्यायची आणि मग एकच लांब, पूर्ण किक. थकलेल्या पायाने मारलेल्या दहा अर्ध्या किकांनी काही होत नाही. आणि तापमानाचा सेन्सर बिघडून तो गरम इंजिनलाही थंडच समजत असेल तर संगणक थंडीचं जास्तीचं पेट्रोल ओततो, म्हणजे बंद न होणारा चोकच. हे सेन्सर साधारणपणे तापल्यावर कमी रोध दाखवतात. काढून गरम पाण्यात बुडवल्यावर आकडा हलला नाही तर सेन्सर बदला.

मेकॅनिककडे जाताना 'गरम झाली की चालू होत नाही' एवढंच सांगू नका. बंद केल्यावर किती मिनिटांनी अडली, प्लग ओला होता की कोरडा, ठिणगी किती मिलिमीटरच्या फटीवर उडाली, चोकने फरक पडला का, ढकलून चालू झाली का, हे चिठ्ठीवर लिहून द्या. स्टेटर नव्याने गुंडाळून घेतला असेल तर कव्हरचे सगळे स्क्रू आवळायच्या आधी गाडी चांगली तापवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि किक मारा. थंड गाडी चालू झाली म्हणून पैसे देऊन घरी येऊ नका, थंड तर ती आधीही चालू होत होती.